जुळ्याचा होकार

माणदेश जिल्ह्यात कुठंही उतरा आणि प्रमिला थोरवत असं नाव घ्या. "कोण, ती पैरा मोडणारी?" असं विचारतील. चहाची टपरी असो की बँक, उत्तर तेच. एखादा सभ्य असला तर नुसता हसेल आणि विषय बदलेल. ते मला जास्त लागतं.

म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. ज्याला पटायचं त्याला पटेल.

पैरा म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. आमचा मुलूख कोरडा. पूर्वी घरटी दोन बैल पोसायची ऐपत फार थोड्यांची. मग एक बैल असलेला माणूस दुसरा एक बैल असलेला माणूस गाठायचा. दोघांचे बैल एका जुवाखाली यायचे, आज तुझं रान, उद्या माझं. याला पैरा म्हणायचे आणि त्या दोघांना पैरेकरी. पाऊस आला तरी घाई करून आपलंच रान आधी उरकायचं नाही, आणि पेरणी अर्धी असताना पैरा मोडायचा नाही. कुणी मोडलाच तर त्याला पुन्हा कुणी बैल देत नसे, आणि लोक सोयरीक करतानाही दहादा विचार करत. भाऊबंदकीत झालेले खून इथं लोक विसरलेत, पण मोडलेला पैरा तिसऱ्या पिढीलाही ठाऊक असतो.

शहाजी मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, यांचे वडील आणि माझे वडील बोरजाईवाडीत असेच पैरेकरी होते. दोघं गेले, बैल गेले, ट्रॅक्टर आले. पण अण्णा आणि मी त्यांचाच कित्ता गिरवत राहिलो. कालव्याचं पाणी वाडीत आलं तेव्हा आम्ही दोघांनी पाणीवाटपाची संस्था काढली. अण्णा बोलायला लागले की दगडसुद्धा ऐकत बसेल, त्यामुळे मुंबईच्या चकरा त्यांच्याकडे. मी कालव्याच्या काठावर. अमक्याच्या रानाला रविवारी पाणी असं मी सांगितलं की रविवारीच, मग मंत्र्याचा मेहुणा दारात येऊन बसला तरी बदल नाही. लोक म्हणायचे, प्रमिलाताईंनी सांगितलं ना, मग झालं. मी लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत. मिरवावं असं माझ्याकडं एवढंच होतं.

मग नवा कायदा आला. जिल्हाध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा आणि त्याच्यासोबत उपाध्यक्षही. दोन नावं, दोन फोटो, बटण एकच. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जसा आपला जोडीदार स्वतः निवडतो, तसाच इथंही उमेदवारानं निवडायचा. सरकारी शब्द होता 'सहउमेदवार'. आमच्या लोकांनी तो पहिल्याच दिवशी बाजूला सारला आणि पैरेकरी म्हणायला सुरुवात केली.

जोडीदार निवडायचं शास्त्र मग प्रत्येक पारावर शिकवलं जाऊ लागलं. आपण उत्तरेकडचे तर तो दक्षिणेकडचा हवा. आपली जात एक तर त्याची दुसरी हवी. आपण पिकलेले तर तो तरणा हवा, पण चार बोटं बुटका, फोटोत आपल्या वर दिसता कामा नये. एक बेरकी म्हातारा म्हणायचा, जोडीदार असा घ्यावा की त्याच्या भीतीनं लोकांनी आपल्यालाच दीर्घायुष्य मागावं. या कुठल्याच हिशेबात मी बसत नव्हते. अण्णा आणि मी एका गावचे, एका जातीचे, उंचीलाही सारखेच. तरी अण्णांचा पैरेकरी कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. अण्णा स्वतः आमच्या घरी आले, माझ्या आईच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "मावशी, पमीला घेऊन चाललोय. आता नुसतं कालव्यावर न्हाई, जिल्ह्यावर." आईनं दोघांच्या हातावर साखर ठेवली.

त्याच हिवाळ्यात अण्णांच्या प्रचारासाठी पुण्याहून यंत्र आलं.

यंत्राचं नाव 'प्रतिमत'. त्याच्यासोबत आली ऋजुता बर्वे, तिशीतली, हुशार आणि स्वभावानं गोड. आमच्या ओसरीवर बसून तिनं मला सगळं समजावलं. माणूस दोन-तीन तास मोकळेपणानं बोलला की तो निर्णय कसे घेतो याचे ठसे त्याच्या बोलण्यात पडतात. कुठं अडखळतो, कशाला चिडतो, कुणाचं नाव घेताना आवाज खाली येतो, कुठल्या गोष्टीनं विरघळतो. फोनमधल्या बोलक्या यंत्रांना माणसांची भाषा आता येतेच. त्या भाषेवर या एका माणसाचे ठसे चढवायचे. मग जे तयार होतं ते त्या माणसासारखं बोलतं आणि, मुख्य म्हणजे, त्याच्यासारखं ठरवतं. त्याला ती प्रतिरूप म्हणायची. आमच्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं जुळं.

मी विचारलं, हे खरं कशावरून. ती म्हणाली, तोच प्रश्न खऱ्या माणसाला आज विचारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. माणूस स्वतःच्याच उत्तरापासून थोडा ढळतो. प्रतिरूपही जवळजवळ तेवढंच ढळतं, जास्त नाही. म्हणजे ते माणसाइतकंच भरवशाचं. शिवाय एक सोय होती. प्रतिरूप दमत नाही आणि त्याला लक्षात ठेवू द्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं. प्रश्न विचारला, उत्तर घेतलं, पाटी पुसली की ते पुन्हा कोरं. जिल्ह्यातल्या काही हजार माणसांची जुळी केली की अख्खा जिल्हा एका खोलीत बसवता येतो आणि त्याला हवं ते विचारता येतं.

मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, पुढाऱ्यांना लोकांचं ऐकायची सवय नाही, निदान त्यांच्या जुळ्यांचं तरी ऐकतील.

पण आमची माणसं पुण्याच्या मुलीसमोर बोलेनात. विचारलेल्याला हो किंवा नाही, पुढं गप्प. तेव्हा मीच तिच्याबरोबर वाडीवाडीला हिंडले आणि मीच तिला युक्ती सांगितली. म्हटलं, निवडणुकीचं विचारू नकोस, पैऱ्याचं विचार. आणि काय सांगू, धरणाची दारं उघडावीत तशी माणसं बोलायला लागली. आज्याचा पैरेकरी, त्याचा बैल, भर पेरणीत कोण कुणाला सोडून गेला, मग आजा बैलाच्या जागी स्वतः जुवाला कसा लागला. सांगता सांगता म्हातारी माणसं डोळे पुसायची, ऐकता ऐकता ऋजुताही. ते सगळं यंत्रात गेलं. शेवटी मी स्वतः बसले आणि पोटभर बोलले. वडिलांबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, आणि सगळ्यात जास्त अण्णांबद्दल.

उन्हाळा लागला तसे अण्णा जरा गप्प झाले. मी म्हटलं, निवडणुकीचा ताण असेल.

अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "पमे, उद्या घरीच थांब. मिरवणूक वाडीतनंच काढायची, मी गाडी धाडतो. आन फोन बंद ठेव, बातमीवाले पिडत्यात."

मी फोन बंद केला. सकाळी अंजिरी इरकल नेसले. अंगणात शेजारच्या बायका जमल्या होत्या, ओवाळायचं तबक तयार होतं, हलगीवाला येऊन पायरीवर बसला होता. ऊन चढलं, गाडी येईना. दोनदा चहा झाला. बायका माझ्याकडं बघायच्या आणि मी रस्त्याकडं.

मग शेजारची सून कल्पना तिचा फोन घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. तालुक्याच्या मैदानावरचं थेट चित्रण चाललं होतं. मंचावर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. अण्णा एका खुर्चीशेजारी उभे होते, पण बसत नव्हते. मैदान माणसांनी फुललेलं, आणि हू की चू नाही.

अण्णा म्हणाले, "माझ्या बापानं आन थोरवत तात्यांनी जन्मभर पैरा केला. पैरेकरी आल्याबिगार मी बसायचा न्हाई. मी वाट बघतोय."

आणि ते वाट बघत राहिले. मध्येच घड्याळ बघायचे, मध्येच रस्त्याकडं बघायचे. कुणीतरी येऊन त्यांच्या कानाला लागलं, फोन बंद आहे असं सांगितलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. शेवटी त्यांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांना उपरणं लावलं आणि मान खाली घातली. मैदानातल्या बायका रडत होत्या. दक्षिणेकडचा एक डॉक्टर पुढे आला, म्हणाला, अण्णा, मी तुम्हाला एकटं पडू देणार नाही. मुदत संपायच्या आत त्या दोघांनी अर्ज भरला.

मी इकडं इरकल नेसून अंगणात बसले होते, आणि तिकडं मला सगळ्या जिल्ह्यादेखत गैरहजर केलं होतं. हलगीवाला मुकाट्यानं उठून गेला.

दुपारपर्यंत बातमी पक्की झाली की प्रमिला थोरवत विरोधकांना मिळाली. गाडीची वाट बघत होते म्हणावं, तर लोक म्हणणार, तालुका काय काशीला आहे? एसटी नव्हती? आणि फोन कशापायी बंद? माझ्या अंगणात बसलेल्या बायकासुद्धा म्हणाल्या, ताई, तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या आठवड्यात कालव्यावर पहिल्यांदा मी सांगितलेली पाण्याची पाळी कुणी पाळली नाही. "तुमचा शब्द आता काय धरायचा?" असं एका पोरसवदा माणसानं तोंडावर विचारलं आणि दार उचलून पाणी वळवून नेलं.

आणि मी गप्प राहिले. बातमीवाले आले, त्यांना परत पाठवलं. मनाशी म्हटलं, अण्णांच्या आसपास कुणीतरी काडी घातली असणार, अण्णांना खरं ठाऊक नसणार. आता तोंड उघडलं तर त्यांचंच नुकसान. निवडणूक होऊन जाऊ दे, मग दोघं बसून बोलू. इतका विश्वास माणसानं ठेवू नये. पण होता, त्याला काय करू?

प्रचार ऐन रंगात असताना ऋजुता घरी आली, आंब्याच्या बर्फीचा डबा घेऊन. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "प्रमिलाताई, मला तुम्हाला भेटायचंच होतं. इतकं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही."

मी विचारलं, कसलं मन?

तिला वाटलं मी विनयानं विचारतेय. ती भडाभडा बोलत गेली. जुळ्यांच्या जिल्ह्याला त्यांनी जोड्या दाखवून पाहिल्या होत्या. अण्णा आणि मी, अण्णा आणि डॉक्टर, अण्णा आणि आणखी कोण कोण. कुठलीच जोडी जिंकत नव्हती. माणसं दोन चेहऱ्यांची बेरीज करत नाहीत, तिनं समजावलं. ती दोघांमधलं नातं बघतात, आणि नातं सुरळीत असलं की त्यांचं लक्षच जात नाही. मग कुणीतरी सहज विचारून पाहिलं की जोडी तुटली तर? इतर जिल्ह्यांत तुटलेल्या जोडीनं दोघांचंही नुकसान होतं. इथं उलटंच झालं. ज्याला ऐनवेळी पैरेकरी सोडून गेला त्याच्यासाठी जुळी अक्षरशः कळवळली. आकडे असे उसळले की त्यांनी दोनदा तपासले. आणि सोडून जाणारा जितका जवळचा, जितका शब्दाचा पक्का, तितकी मतं जास्त. माझ्याइतकं जवळचं आणि शब्दाचं पक्कं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणजे अण्णांनी मला निवडलं होतंच, फक्त सोडून जाण्यासाठी. आणि पैऱ्याच्या त्या सगळ्या गोष्टी लोकांच्या तोंडून मीच काढून दिल्या होत्या.

"आणि मी कबूल झाले?" मी विचारलं.

"हो ना," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या प्रतिरूपानं होकार दिला. अण्णा स्वतः तिच्यासमोर बसले होते, मला बाहेर थांबायला सांगितलं. मग आत बोलावून तुमचा होकार ऐकवला. तुम्ही म्हणालात, घेईन मी दोष. फक्त मला आधी सांगू नका, मला नाटक जमत नाही." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली. "ताई, तुम्हाला नंतर सांगितलं असेल ना त्यांनी?"

मला नाटक जमत नाही, हे वाक्य माझंच होतं. मी अगदी तसंच म्हटलं असतं.

मी विचारलं, जुळं लगेच हो म्हणालं का? ऋजुता डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. म्हणाली, आधी नाहीच म्हणत होतं. मग अण्णांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं. किती वेळा, ते तिला माहीत नव्हतं. पाटी पुसून पुन्हा विचारायची पद्धतच आहे, नाहीतर आधीच्या उत्तराचा पुढच्यावर परिणाम होतो.

"म्हणजे माझा नकार पुसला आणि होकार तेवढा ठेवला," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. मला तिचा रागही येईना. तिच्या लेखी मी बोलले होते आणि तिनं ऐकलं होतं. बर्फीचा डबा मी परत तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अण्णांच्या कचेरीत गेले. बाहेर बातमीवाले बसले होते, मला बघून उठले. कार्यकर्त्यांनी वाट अडवली, पण आतून अण्णांचाच आवाज आला, येऊ द्या तिला. ते भाकरी-आमटी जेवत होते. मला बघून त्यांनी ताट सारलं. मला वाटलं होतं ते नजर चुकवतील. तसं काही झालं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "आलीस? तुझे उपकार कसं फेडू, पमे?"

मी म्हटलं, "अण्णा, मला न विचारता केलंत."

ते खरंच चकित झाले. "इचारलं की. तूच हो म्हनालीस."

"ती मी न्हवं."

"अगं, तूच ती. तुझाच शब्द, तुझाच जीव. मी तिच्याम्होरं लेकरागत रडलो. तीच म्हनाली, मला आधी सांगू नगा. तुझा शब्द मी पाळला."

ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी मला विचारलं आहे. म्हणूनच ते रात्री निवांत झोपत होते, म्हणूनच त्या मैदानावर त्यांचं रडू इतकं खरं दिसलं.

मी म्हटलं, मला तिच्याशी बोलायचंय. अण्णांनी लगेच यंत्र पुढं ओढलं. संकोच नाही, भीती नाही. होकार दिलेलं जुळं त्यांनी पुसलं नव्हतं. नंतर कळलं, ते रोज जेवताना तिच्याशी बोलायचे, तिचा सल्ला घ्यायचे.

"अण्णा?" यंत्रातून माझाच आवाज आला. "जेवलासा का? गोळ्या घेतल्या?"

मी विचारलं, "कसल्या गोळ्या?"

"कोन बोलतंय?"

"मी प्रमिला."

ती हसली. मी अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. "आवाज तर झकास काढलासा, बाई."

मी पुन्हा विचारलं, गोळ्या कसल्या. ती जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, अण्णा जास्त दिवसांचे सोबती नाहीत, डॉक्टरांनी आशा सोडलीय, जायच्या आधी एकदा जिल्ह्याचं भलं करून जायचं एवढीच त्यांची इच्छा आहे. हे कुणाला सांगायचं नाही. तिला सांगितलं, कारण ती घरची.

मी अण्णांकडं बघितलं. चांगले धडधाकट अण्णा, समोर आमटीची रिकामी वाटी. आता मात्र त्यांनी नजर खाली घातली.

"अण्णांना काई झालेलं न्हाई," मी यंत्राला म्हटलं. "तुझ्याशी खोटं बोलले ते. तू आधी नको म्हनालीस, ते पुसलं. मग मरनाचं भ्या घालून हो म्हनवून घेतलं. मला अंगनात बसवून ठेवलं आन जगाला सांगितलं पैरा मोडला. लोक आता दारात थुकत्यात."

जराही विचार न करता ती म्हणाली, "न्हाई. अण्णा जगाशी खोटं बोलतील, राजकारनच हाय ते. माझ्याशी बोलायचं न्हाईत."

"बोलले गं."

"बाई, तुमी कोन ते मला ठावं न्हाई. पन अण्णांबद्दल असलं बोलायचं असंल तर माझ्याम्होरं बोलू नगा."

ती चुकत नव्हती. त्या उन्हाळ्याआधी मला कुणी असं येऊन सांगितलं असतं तर मीही त्याला असंच हाकललं असतं. तिला पटवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला अण्णांवरचा विश्वास सोडावा लागला असता, आणि तो सोडायचा कसा हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

अण्णांनी यंत्र हळूच बंद केलं, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. "बघितलंस?" ते म्हणाले. "तिला कळतं."

मला राग आला. मी म्हटलं, "एकदा घरी येऊन खरं सांगितलं असतंत, निवडनूक हातची जातीय म्हनून."

"तर हो म्हनाली असतीस?"

"न्हाई म्हनाले असते, अण्णा. आन तुमच्यासंगं हरले असते."

मी उठले.

बाहेर बातमीवाल्यांना मी सगळं सांगितलं. गाडी येणार होती, फोन अण्णांनी बंद करायला लावला, होकार मी दिलेला नाही. जुळ्यानं दोष पत्करला होता, म्हणजे यंत्राच्या मते मी कधीच बोलणार नव्हते, म्हणून आधी मला वाटलं की आपण जिंकलो. ते समाधान संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी अण्णांच्या प्रचारानं 'प्रमिलाताईंचं निवेदन' म्हणून एक आवाज घरोघर पोचवला. आवाज माझाच. "दुपारी मी रागाच्या भरात बोलले, ते मनावर घेऊ नगा. मी माझ्या मनानं बाजूला झाले. अण्णांना जपा. असा मानूस पुन्हा मिळायचा न्हाई."

मी ओरडून सांगितलं की ते जुळं आहे. पण दोन्ही बोलण्यांतली बाई एकच वाटत होती, आणि लोकांना रागावलेल्या बाईपेक्षा गोड बोलणारी बरी वाटली. जे जरा माझ्या बाजूला झुकले होते तेही म्हणाले, हिची दुपारची एक बोली आणि संध्याकाळची एक. अण्णा मोठ्या मतांनी जिंकले. पाणीसंस्थेतून मला काढायची गरजच पडली नाही. मी सांगितलेली पाळी घ्यायला कुणी येईना, मग मीच जायची थांबले.

निकालानंतर आई माझ्याशी फारसं बोलली नव्हती. ती कुणाचं खरं मानते हे विचारायची माझी छाती झाली नाही. एके दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, कल्पना सांगत होती तुझं ते बोलणं फोनमध्ये हाय, मला एकदा ऐकव.

मला वाटलं, ती मी कचेरीबाहेर बोलले ते म्हणतेय. मी ते लावलं. तिनं मान हलवली. हे न्हवं, म्हणाली, ते दुसरं.

मी दुसरं लावलं. आईनं सूप खाली ठेवलं आणि डोळे मिटून ऐकलं. तेवढे थोडे शब्द संपले तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मी म्हटलं, "आई, ही मी न्हवं. खोटं हाय हे सगळं."

"मला कळतंय की," आई म्हणाली. "पन तू अशीच हुतीस गं. परवा-परवापतोर अशीच बोलायचीस." पदरानं तिनं तोंड पुसलं. "आता न्हाई बोलत."

इतक्या दिवसांत मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुन्यांदा लाव."

मी पुन्हा लावलं.